टेलवाल्याले आधी

काळापूर नावाचं शहर नकाशात शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. ते मोबाईलमध्ये आहे. तिथं चाळीस मोहल्ले, एक बंदर आणि जिकडे पाहावं तिकडे गुंडच गुंड. दिवसाढवळ्या दुकानं लुटतात, एकमेकांची माणसं फोडतात, मालानं भरलेले ट्रक गायब करतात. अशा त्या काळापुरात ज्याच्या नावानं भलेभले टोळीवाले बिचकायचे, तो डॉन म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळच्या एका खेड्यातले आपले गुणवंतराव. वय चौसष्ट, नहराचे, म्हणजे कालव्याचे, निवृत्त चौकीदार. गुडघे दुखतात, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, आणि उभ्या जन्मात या माणसानं दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावरचं बोरसुद्धा न विचारता तोडलेलं नाही.

हे खूळ घरात आणलं ते सुनेनं. रंजीता घरीच ब्लाऊज शिवते आणि मशीनला तेल घालून झालं, की दोन मिनिटं मोबाईलवर काळापूर खेळते. सासूबाई, म्हणजे अंजनाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून गुणवंतराव सकाळी ओट्यावर बसायचे ते दुपारी उन्हानं उठवलं तरच उठायचे. बोलणं नाही, विचारणं नाही. एक दिवस रंजीतानं त्यांच्या हातात मोबाईल दिला आणि म्हणाली, मामाजी, मले ब्लाऊज कापायचा हाय, तुम्ही जरा एवढी गल्ली सांभाळा. गुणवंतरावांनी गल्ली सांभाळली. संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्खा मोहल्ला सांभाळला, आणि आठ दिवसांनी मोबाईल मागायला गेलेल्या सुनेला म्हणाले, थांब, नाल्याकडून माणसं येऊन राह्यली.

त्या खेळाची गंमत अशी, की एकट्यानं टोळी चालत नाही. कमीत कमी तीन जण पाहिजेत, नाहीतर टोळी मोडते. एक बॉस, बाकीचे साथीदार. जिंकलेले मोहल्ले बॉसनं साथीदारांत वाटायचे. प्रत्येक साथीदाराच्या नावापुढे एक पट्टी असते, तिला इमान म्हणतात. शंभरापैकी किती ते त्या पट्टीवर दिसतं. वाटा कमी पडला की इमान घसरतं, विसाच्या खाली गेलं की दुसऱ्या टोळीनं त्याला उचललाच समजा. आणि एकालाच फार दिलं, की तो माजून बॉसच्याच गादीवर चालून येतो. रंजीतानं हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा गुणवंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पुष्कळ महिन्यांनी पहिल्यांदा हसले. हे त आमचं नहराचंच काम झालं, असं म्हणाले.

आता साथीदार कोण? इथंच रंजीताची खरी कारागिरी. दिसायला साधी, पण डोकं असं की सरपंचबाईंनी सल्ला घ्यावा. तिनं एका बाजूनं नवऱ्याला, धनराजला, सांगितलं की मामाजींना करमत नाही, तुम्ही त्यांच्या टोळीत या. दुसऱ्या बाजूनं सिरोंच्याला नणंदेला, ज्योत्स्नाला, फोन करून तेच सांगितलं. बापाच्या करमणुकीला नाही कोण म्हणेल? दोघंही आली. आल्यावर दोघांना कळलं की आपण एकाच टोळीत आहोत. पण तोवर दिवाळीच्या ब्लाऊजांचा ढीग लागला म्हणून रंजीता टोळीतून बाहेर पडली होती. उरले बरोबर तीन. एक जरी गेला तरी टोळी मोडणार, म्हणून जाणार कोण?

एवढी उठाठेव कशाला, तर दोघा भावंडांचं बोलणं बंद होतं. अंजनाबाईंच्या तेरवीच्या दिवसापासून बंद. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि दुपारी तीन वाजता ज्योत्स्नानं पाहिलं की बापाचं ताट कोपऱ्यात तसंच पडलंय, भातावर माशा बसल्यात. ज्योत्स्ना नर्स आहे, तिकडे दवाखान्यात शंभर माणसांवर ओरडायची सवय. साऱ्या नातेवाइकांसमोर ती म्हणाली, बाबाले मी सिरोंच्याले घेऊन जाईन, इथी त्यायच्या जेवणाकडे कोणाचं ध्यान नाई. ज्या धनराजनं आठ महिने अंथरुणावरच्या आईचं सगळं केलं, त्याच्या कानावर हे पडलं. तो एवढंच म्हणाला, ने. आतापर्यंत सारं तुह्याच वाट्याले आलं, आता बापही ने. पाहुण्यांना वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. ज्यांना त्या वाक्याचा अर्थ कळायला हवा होता ते गुणवंतराव मूग गिळून बसले.

त्यानंतर राखी आली ती पोस्टानं, आणि तीही रंजीताच्या नावावर. दोन दिवाळ्या गेल्या. ज्योत्स्ना बापाला रोज फोन करायची, भावाचं नाव काढायची नाही. धनराज तर मुलखाचा घुमा. मूलच्या राईस मिलमध्ये मशीनवर काम करतो, तिथल्या आवाजात बोलायची सवयच मोडलेली.

पण काळापुरात बोलावं लागायचं. टोळीचा एक फळा असतो, त्यावर साथीदारांनी एकमेकांना निरोप लिहायचे. ज्योत्स्नाकडे नदीपार नावाचा मोहल्ला होता, धनराजकडे भाजीबाजार. ती लिहायची, नदीपारवर हल्ला, दोन माणसं पाठव. तो लिहायचा, पाठवली. ती लिहायची, ट्रक सोडू का? तो लिहायचा, आत्ता नको, पोलीस हाय. बस, एवढंच. पण गुणवंतराव तो फळा रोज सकाळी चहाबरोबर वाचायचे, आणि एखादे दिवशी तर दोनदा वाचायचे. लेकीनं लिहिलं आणि लेकानं उत्तर दिलं, हे त्यांना अमृतासारखं वाटायचं. ट्रक चोरीचे का असेनात.

म्हणून ही टोळी त्यांना जिवापाड होती. काळापूर गेलं तरी चाललं असतं, तो फळा जाऊन चालणार नव्हतं.

आणि बॉस म्हणून माणूस खरंच नंबर एक. चंद्रपूरची ‘बायपास बॉईज’ नावाची एक टोळी होती, वीस-बावीस वर्षांची पोरं, दिवसभर तेच करणारी. त्यांनी सहा वेळा हल्ला केला, सहा वेळा हात हलवत परत गेली. कारण गुणवंतरावांची वाटणीच अशी, की कुठे भेग सापडू नये. या वाटणीमागं एकच नियम होता आणि तो ते खेळात शिकले नव्हते. नहरावर त्यांनी तो पस्तीस वर्षं पाळला होता. टेलवाल्याले आधी.

ज्यांच्या शेताला नहराचं पाणी कधी लागलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तलावातून नहर निघतो, तिथलं गाव मुखाचं. शेवटी जिथं नहर संपतो, ते गाव टेलचं. मुखाजवळचा शेतकरी पाहिजे तेव्हा पाणी फिरवतो, कारण पाणी त्याच्या दारातून जातं. टेलवाल्यापर्यंत उरलंसुरलं पोचतं, कधी तेही नाही. नोकरीला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा टेलच्या गावचा झाडू नावाचा शेतकरी नऊ मैल चालत नहराच्या गेटवर आला. कमरेच्या फडक्यातून पिवळी पडलेली धानाची मूठ काढली आणि गुणवंतरावांच्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून गुणवंतरावांनी पाण्याची पाळी टेलापासून सुरू केली. मुखाच्या लोकांनी शिव्या दिल्या, साहेबांनी समज दिली, गडी हलला नाही. आणि त्यांचं स्वतःचं शेत कुठं होतं? गेटला लागून. मुखाचा पहिला तुकडा, पहिली बांधी. म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी.

तर यंदा ऑक्टोबरात, धान निसवून लोंब्या भरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. काळापूरचं बंदर आजवर कुणाच्याच हाती लागलं नव्हतं. ते या टोळीनं जिंकलं, आणि जिंकलं म्हणजे धनराजनं जिंकलं. तीन आठवडे हा माणूस मिलमध्ये डब्याच्या सुट्टीत एका हातानं घास खात दुसऱ्या हातानं बंदराभोवती माणसं पेरत होता. बंदर पडलं त्या दिवशी घरी येताना त्यानं पाव किलो जिलबी आणली. कशाबद्दल ते सांगितलं नाही, पण आणली.

बॉसनं बंदर कुणाला तरी द्यायचं होतं. गुणवंतरावांनी ते ज्योत्स्नाला दिलं.

यात कपट नव्हतं, पक्षपात नव्हता. हातच तसा वळलेला. नदीपार मोहल्ला शहराच्या टोकाला, लेक सव्वाशे मैलांवर सिरोंच्याला, तिथं रेंज अर्ध्या वेळा तेलंगणाची पकडते, टोळीत आलेलीही ती सगळ्यात शेवटी. म्हणजे टेल. टेलवाल्याले आधी. बटण दाबताना त्यांना वाटलं की आपण मोठं न्यायाचं काम केलं. जिलबी तोंडातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर फळा उघडला तर धनराजच्या नावापुढची पट्टी लाल. काल एकाहत्तर असलेलं इमान आज चोवीस. गुणवंतरावांनी चष्मा पुसून पाहिलं, चोवीसच. बाप्पा, पोरगा भिंतीच्या पलीकडे दाढी करत होता, नळाचा आवाज येत होता, आणि त्याचं इमान चोवीस. खाली एक चिठ्ठी आलेली, की बायपास बॉईजनं तुमच्या साथीदाराला तीन मोहल्ले आणि उपबॉसची जागा देऊ केली आहे. रोज दोन-तीन अंक घसरणारच होते. रविवारी चार वाजता हंगाम संपणार, तोवर इमान विसाखाली गेलेलं असणार, आणि धनराजनं एकदा हो म्हटलं की टोळीत दोघंच उरणार. मग टोळी मोडणार आणि तो फळा पुसला जाणार. भावाबहिणीत जे दोन शब्द चालले होते तेही संपणार.

त्यांनी रंजीताला विचारलं, काय करू? रंजीता टाचणी दातात धरून म्हणाली, मामाजी, पट्टी मोबाईलमधली हाय, पण माणूस मोबाईलमधला नाई. जाऊन बोला.

बोला म्हणे. बापलेकांनी समोरासमोर बसून बोलायची पद्धत त्या घरात होती कुठं? तरी शनिवारी दुपारी गुणवंतराव अंगणात गेले. धनराज कापणीसाठी विळ्यांना धार लावत होता. गुणवंतरावांनी आधी विळ्यांची चौकशी केली, मग हवेची, मग मिलची. मग म्हणाले की ते बंदराचं मनावर घेऊ नको, तो आपला नेहमीचा नियम हाय.

धनराजनं विळा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“बाबा, टेलवाला नऊ मैल चालत आला म्हणून तुमाले दिसला. मी गेटजवळच उभा होतो, म्हणून दिसलो नाई.”

आणि परत विळा उचलून त्यानं धार लावायला घेतली. गुणवंतराव गोठ्याकडे गेले आणि रिकाम्या गव्हाणीच्या काठावर बसले. गाय रानात गेलेली होती.

पंधरा वर्षांपूर्वीचं साल त्यांच्यासमोर उभं राहिलं. त्या साली पाऊस अर्ध्यावर सोडून गेला. तलावात एकाच पाळीचं पाणी. गुणवंतरावांनी नियमाप्रमाणं टेलापासून सुरुवात केली. टेल भिजलं, मधली गावं भिजली, आणि मुखाला यायच्या आत तलावाचा तळ दिसला. स्वतःच्या बांधीतलं धान उभ्याउभ्या वाळून तणस झालं. टेलच्या लोकांनी त्यांचा सत्कार केला, आता म्हाताऱ्या झालेल्या झाडूनं नव्या तांदळाची पायली आणून दिली. त्या तांदळाचा भात घरात सगळ्यांनी खाल्ला. धनराजनंही मुकाट्यानं खाल्ला. त्या साली धनराजचा नागपूरच्या पॉलिटेक्निकला नंबर लागला होता आणि ज्योत्स्ना चंद्रपूरला नर्सिंगला नुकतीच लागली होती. पीक गेल्यावर दोघांचं शिक्षण झेपणारं नव्हतं. एक दिवस धनराज आपण होऊन म्हणाला की मले नाई शिकायचं, माह्यं मन लागत नाई, आणि सोमवारपासून मिलमध्ये जाऊ लागला.

तो खोटं बोलतोय हे गुणवंतरावांना तेव्हाच कळलं होतं. त्याची बॅग भरलेली त्यांनी पाहिली होती. पण ते खोटं सोयीचं होतं, म्हणून त्यांनी ते घेतलं. वरून ज्योत्स्नालाही तेच सांगितलं, की तुह्या दादाले शिकायचंच नाई. ती बिचारी आजतागायत तेच धरून बसलेली. अख्ख्या नहराला न्याय देणारा माणूस, आणि दिव्याखाली हा असा अंधार. गव्हाणीवर बसून गुणवंतराव रडले. चांगले रडले, उपरण्यानं नाक पुसत. रंजीतानं खिडकीतून पाहिलं आणि शहाणी म्हणून मशीन चालू केली.

मग त्यांनी सिरोंच्याला फोन लावला. आधी नातवानं उचलला आणि तेलुगूत आईला ओरडून सांगितलं की तातय्या, म्हणजे आजोबा, आहेत. ज्योत्स्ना आल्यावर त्यांनी पंधरा वर्षांचं सगळं सांगितलं. भरलेल्या बॅगेचंही सांगितलं.

मग ती म्हणाली, “अन् हे तुम्ही मले आजवर सांगितलं काऊन नाई?”

“लाज वाटली बाई.”

ती म्हणाली की बंदर आत्ताच्या आत्ता दादाला द्या, मला कशाला हवं, माझ्याजवळ खरी गोदावरी आहे. गुणवंतरावांनी नाही म्हटलं. सोडलेलं पाणी मागं ओढता येत नाही, तो आणखी एक नियम. मग निदान दादाला फोन कर, असं त्यांनी सुचवलं. तर ती रडतच म्हणाली, कोणत्या तोंडानं करू? तेरवीले मी त्याले काय काय बोलली. आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी धनराज मिलमध्ये गेला. धानाच्या हंगामाआधी मशीनचे पट्टे बदलायचं काम होतं. त्याचं इमान एकोणीसवर आलं होतं. गुणवंतरावांनी अंघोळ केली, अंजनाबाईंच्या फोटोला हात जोडले आणि मोबाईल घेऊन बसले. द्यायला एकही मोहल्ला उरला नव्हता. सगळे वाटून झालेले. उरली होती एकच जागा, त्यांची स्वतःची. तिला गादी म्हणतात. जो गादीवर तो बॉस. ती दिली की सगळंच दिलं. त्यांनी गादीवर बोट ठेवलं, धनराजचं नाव निवडलं. मोबाईलनं विचारलं की तुम्ही साधे साथीदार व्हाल, खात्री आहे का?

रंजीता घाबरली. तिनं सांगून पाहिलं की मामाजी, ते रागात हायेत. बॉस झाल्यावर बंदर बहिणीकडून हिसकावता येतं, टोळी मोडता येते, अख्खं काळापूर त्या चंद्रपूरच्या पोरांच्या घशात घालता येतं. आणि मग तो फळा? दोन दिवस थांबा, दुसरा काही मार्ग निघेल.

“घालू दे,” गुणवंतराव म्हणाले. “त्याचंच हाय. पंधरा वर्षं उशीर झाला, अजून दोन दिवस काऊन?”

आणि दाबलं.

पडदा क्षणभर काळा झाला. मग काळा कोट घातलेला, तोंडात चिरूट धरलेला बॉस आला, त्याच्या खाली नाव धनराज. आणि एका कोपऱ्यात साथीदारांच्या यादीत शेवटी गुणवंत. आता ते साथीदार झाले म्हणून त्यांच्याही नावापुढे इमानाची पट्टी उगवली. नवा साथीदार, इमान पन्नास. गुणवंतरावांनी ती पट्टी सुनेला दाखवली. पस्तीस वर्षं इमानानं काढली अन् या लेकाच्या खेळात पन्नासच, असं म्हणाले. रंजीता हसली, पण तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

बारा वाजले, एक वाजला. मिलमधून काही नाही. डब्याची सुट्टी झाली आणि संपली. धनराजनं खेळ उघडलेला दिसत होता, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, पण तो काहीच करत नव्हता. बायपास बॉईजची चिठ्ठी तशीच लोंबकळत होती. गुणवंतराव ओट्यावरून उठून आत जात, परत बाहेर येत. रंजीतानं जेवायला वाढलं तर नंतर म्हणाले. दोन वाजले. ज्योत्स्नाच्या नावापुढेही हिरवा ठिपका पेटला. म्हणजे लेकही उघडून बसली होती. तिघंही एका शहरात होते आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

तीनला पाच मिनिटं असताना चिठ्ठी गेली. रंजीतानं वाचून सांगितलं, बायपास बॉईजला नकार. मग यादी हलली. बंदर जसं होतं तसं ज्योत्स्नाकडेच राहिलं. आणि नव्या बॉसनं आपला स्वतःचा भाजीबाजार, ज्याच्यावर त्यानं वर्षभर रक्त आटवलं होतं तो, साथीदार गुणवंत यांना दिला. गुणवंतरावांची पट्टी सरसर चढत शेवटाला जाऊन टेकली. फळ्यावर बॉसचा पहिला हुकूम आला.

टेलवाल्याले आधी.

गुणवंतरावांनी ते वाचलं. परत वाचलं. मग मोबाईल रंजीताच्या हातात दिला, कारण त्यांना दिसेना.

चार वाजता हंगाम संपला. टोळी शाबूत राहिली, बक्षीस म्हणून कसलीशी सोन्याची बंदूक मिळाली, तिचं काय करायचं ते अजून कुणाला कळलेलं नाही.

धनराज दिवेलागणीला घरी आला. मिलचा कोंडा अंगावर, केसांत, भुवयांत. हातपाय धुतले, आत येऊन पाटावर बसला. बापाकडे पाहिलं नाही, बापानंही त्याच्याकडे पाहिलं नाही. खेळाची गोष्ट कुणी काढली नाही. रंजीतानं वरण, भात आणि अंबाडीची भाजी केली होती. अंजनाबाईंच्या वेळेपासून त्या घरात पहिलं ताट गुणवंतरावांचं, आणि त्यांच्या सवयीनं ते पहिलं ताटही बहुतेक वेळा दुसऱ्याकडे जायचं. दारात आलेल्या पाहुण्याला, वाटसरूला, गड्याला. धनराजचं नेहमी शेवटी. तो म्हणायचा, मले काय घाई हाय.

रंजीतानं सवयीनं मामाजींच्या ताटाकडे भाताचा डाव नेला. गुणवंतरावांनी तिच्या हातातून डाव घेतला, गुडघ्यावर हात टेकून उठले, भाताचं पातेलं उचललं आणि पोराच्या पाटासमोर येऊन बसले. खाली बसताना गुडघा वाजला.

“आधी धनराजले,” ते म्हणाले.

त्यांनी पहिला डाव वाढला. दुसरा वाढला. धनराज ताटाकडे पाहत राहिला, चौतिशीचा बाप्या, ओठ दातांत घट्ट धरून. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढून पाहिलं आणि हात तसाच राहिला. सिरोंच्याचा नंबर होता. दोन वर्षांत त्या नंबरावरून हा फोन एकदाही वाजला नव्हता. रंजीतानंच पुढं होऊन हिरवं बटण दाबलं आणि फोन पाटाजवळ ठेवला.

पलीकडून ज्योत्स्नाचा आवाज आला, भिजून जड झालेला. “दादा, जेवला का?”

धनराज फोनकडे वाकला.

“थांब बाई,” तो म्हणाला, “बाबा वाढून राह्यले.”

ताटात भात मावेना, कडेनं सांडायला लागला, तरी गुणवंतराव वाढतच होते. रंजीतानं त्यांना थांबवलं नाही. ती उठली आणि दुसरा भात चुलीवर टाकायला गेली.